हलकी करवत

माझं दुकान करवती दुरुस्त करायचं. पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. माहितीपत्रकात तिला चेनसॉ म्हणतात, आम्ही धंद्यातले लोक नुसतं करवत म्हणतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधोमध लोखंडी टेबल, भिंतीला पट्ट्या आणि साखळ्या टांगलेल्या, आणि सगळ्यावर तेलात भिजलेल्या भुश्शाचा थर. या खोलीत मी तीसेक वर्षांत शेकडो झाड कापणारे पाहिले. त्यातला एकच माझा मित्र झाला. त्याला सगळे खारोबा म्हणत.

पस्तिशीपर्यंत तो नुसता खार होता. शिडी न लावता झाडावर चढायचा, म्हणून कुणीतरी ते नाव चिकटवलं. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तसं लोकांनी मानाने त्याचं खारोबा केलं. उंचीने बेताचा, छाती अरुंद, पण पोटऱ्या दगडासारख्या. बोलायला बसला की थांबायचा नाही, आणि झाडावर गेला की तोंडातून चकार शब्द नाही.

झाड जमिनीवरून पाडणारे पुष्कळ असतात. खारोबाचं काम वेगळं. घराच्या छपरावर वाकलेली फांदी, तारांमध्ये घुसलेला शेंडा, दोन भिंतींच्या बोळात वाढलेलं झाड, अशा जागी पाडायला वावच नसतो. तिथे माणसाने वर चढायचं, स्वतःला खोडाशी बांधून घ्यायचं आणि तुकडा तुकडा कापून दोरावरून खाली सोडायचा. ते तो करायचा. आणि खाली दोर धरायला त्याची बायको.

वहिनी अंगाने त्याच्यापेक्षा थोराड. खारोबाच्या कमरेचा दोर वरच्या फांदीवरून खाली यायचा, त्याचे दोन वेढे त्या बुंध्याला द्यायच्या आणि टोक हातात घेऊन उभ्या राहायच्या. एक झटका म्हणजे सैल सोड, दोन झटके म्हणजे धरून ठेव. तेवीस वर्षं त्या दोघांनी असं काम केलं. "घरात आमचं पटत नाही, भावजी," त्या मला म्हणायच्या, "पण दोरावर कधी भांडण नाही."

डुप्लिकेट करवती आल्या त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्याआधी खारोबाकडे कंपनीची एक जुनी करवत होती, कुणाची तरी वापरून झालेली, जड, पण गुणी. ती एकदाची कायमची बंद पडली तेव्हा बाजारात या नव्या दिसायला लागल्या होत्या. रंग तोच, आकार तोच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. कंपनीच्या एका करवतीच्या किमतीत या चार यायच्या. खारोबाने एक उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"बघ रे मिस्तरी, सख्खी वाटते की चुलत?"

"चुलत," मी म्हणालो. "पण नाक बापावर गेलंय."

आम्ही दोघेही हसलो. मग त्याने सरळ विचारलं, "घेऊ का?"

मी ती उघडून पाहिली होती. कंपनीच्या करवतीत इंजिन आणि मूठ यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात, म्हणजे इंजिनाची थरथर हातापर्यंत येत नाही. हिच्यात त्या जागी रबराचे चार गुटके होते, आणि तेही असे की नखाने टोकरावेत तर टोकरले जावेत. सहा महिन्यांत ते दगड होणार हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "चालेल की."

असं का म्हणालो? एक तर त्याला परवडणारी तेवढीच होती. आणि दुसरं असं की, डुप्लिकेट करवत दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येणार, हेही मला दिसत होतं. दुसरं कारण मी त्या वेळी स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नव्हतं.

झालंही तसंच. कधी तेलाचा पंप बंद, कधी कार्बुरेटर रुसलेला, कधी सुरू करायची दोरीच हातात. एक करवत वर्ष-दीड वर्ष टिकायची, मग तो दुसरी आणायचा. माझं दुकान या डुप्लिकेट करवतींनी तगवलं, हे मी आज कबूल करतो. पण गुटके बदलायला तो कधी सांगायचा नाही आणि मीही आठवण करून द्यायचो नाही. करवत कापत होती ना, मग थरथरली तर थरथरली.

पहिल्यांदा मी पाहिलं ते एका थंडीच्या सकाळी. तो काम आटोपून आला होता. हातमोजे काढले, तर उजव्या हाताची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. मधोमध रेघ मारावी तसा अर्धा पंजा माणसाचा आणि अर्धा कुणा दुसऱ्याचाच.

"हे काय रे?"

"गारठतात. जरा वेळाने येतात ताळ्यावर," तो म्हणाला आणि बोटं काखेत धरून बसला. अर्ध्या तासाने ती लाल झाली, तेव्हा त्याला वेदना झाल्या असाव्यात, कारण तो बोलता बोलता मध्येच गप्प झाला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत हे दोन्ही हातांना झालं. वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायला लागल्या. कपाचा कान धरता येईना, म्हणून घरात त्याच्यासाठी मोठा पेला आला. एकदा माझ्या टेबलावर एक छोटी चकती पडली होती, ती त्याने उचलायला घेतली. बोटं तिच्यावरून नुसती फिरत राहिली. शेवटी त्याने ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेली आणि खाली तळहात धरून त्यात पाडली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बघतोस काय? उचलली ना!"

वहिनींनी त्याला डॉक्टरकडे नेलं. परत येताना दोघेही दुकानात आले. खारोबा स्टुलावर बसला, वहिनी उभ्याच राहिल्या.

"थरथरीने झालंय म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "बोटांतल्या शिरा गेल्यात, संवेदना गेलीय. गेलेली परत येत नाही. करवत सोडा म्हणाले."

"सोडून काय करू, ते नाही सांगितलं," खारोबा म्हणाला.

"सोडणं जमणारच नसेल तर निदान हलकी घ्या म्हणाले. थरथर नसलेली. आणि थोडा थोडा वेळच चालवा." त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, अशी असते का?"

असायची. माझ्या मागच्या कपाटातच एक होती, कंपनीची, खास झाडावर चढणाऱ्यांसाठी बनवलेली. एका गिऱ्हाइकाने मागवली होती आणि नेलीच नाही. मी ती टेबलावर ठेवली. शेजारी खारोबाची डुप्लिकेट होतीच, नुकतीच दुरुस्त केलेली. वहिनी म्हणाल्या, वजन करा. मी सुट्या भागांचा तराजू पुढे ओढला. डुप्लिकेट जवळजवळ दुप्पट भरली.

खारोबाने दोन्ही हातांत दोन धरल्या, डोळे मिटून वर-खाली केल्या. "ही तर खेळण्यातली वाटते," तो म्हणाला.

"खेळण्यातली नाही. हिच्यात स्प्रिंगा आहेत, चार बाजूंनी. चालवून बघ."

मागच्या अंगणात एक ओंडका होता. मी कंपनीची सुरू करून दिली. तिने लोण्यातून जावं तशा दोन चकत्या पाडल्या. खारोबा चकतीकडे बघत उभा राहिला. मग डुप्लिकेट सुरू केली. तिची थरथर मला चार पावलांवरून दिसत होती. त्याची गालफडंसुद्धा हलत होती.

"काय म्हणतोस?" आत आल्यावर मी विचारलं.

"मेलेल्या बोटांना काय सख्खं आणि काय चुलत!" तो म्हणाला. "हिच्यात चार येतील मिस्तरी. चार करवतींत माझं आयुष्य निघेल."

"चार करवतींत तुमचे हात निघतील," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही सांगा भावजी. खरं सांगा. तुमचा भाऊ असता तर काय सांगितलं असतं?"

मी म्हणालो, "कंपनीची घे."

दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. खारोबाने करवत टेबलावर ठेवली. मग अगदी साध्या आवाजात, चौकशी करावी तसं त्याने विचारलं, "मग त्या वेळी का नाही म्हणालास रे?"

त्याने टोमणा मारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी तराजूचा काटा पुसत राहिलो. वहिनींनीच विषय बदलला. "आता घ्यायची ना? झालं तर मग."

आठवड्याने त्या एकट्या आल्या आणि करवत घेऊन गेल्या. पैशांचं कसं जमवलं ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

पहिलं काम निघालं ते एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. मागच्या अंगणात जुनं उंच झाड, त्याची एक जाडजूड फांदी थेट स्वयंपाकघराच्या छपरावर आलेली. नवी करवत जरा जुळवून घ्यावी लागते, म्हणून मीही गेलो होतो. खरं म्हणजे मला बघायचं होतं. आपण शेवटी एक तरी बरोबर गोष्ट सांगितली, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

सकाळ गार होती, वारा सुटला होता. वहिनींनी खारोबाचा पट्टा आवळून दिला, हातमोजे चढवून दिले, कानात बोळे घालून दिले. लहान मुलाला शाळेसाठी तयार करावं तसा तो मान वर करून उभा होता. पण झाडाला हात लावला आणि तो पुन्हा पूर्वीचा झाला. पायांना काही झालेलं नव्हतं. पाच मिनिटांत तो वर, खोडाभोवती पट्टा टाकून कडी अडकवलेली, करवत कमरेला लटकलेली. वहिनींनी बुंध्याला वेढे दिले.

करवत सुरू झाली. आवाज किती मऊ! वहिनी वर बघत मला म्हणाल्या, "हलका दिसतोय ना हात?" मी मान डोलावली. त्याने आधी चार-पाच बारीक फांद्या उडवल्या, त्या छपराला न लागता खाली आल्या. मग मोठी फांदी धरली. निम्मी कापून झाली, आणि दुसऱ्या बाजूने चीर द्यायला वळायचं म्हणून त्याने करवत खाली घेतली.

ती थांबलेली नव्हती. त्याला वाटलं होतं, साखळी फिरवणाऱ्या खटक्यावरून बोट सुटलंय. ते सुटलं नव्हतं. साखळी फिरत होती आणि तो ती म्यानात तलवार घालावी तशी आपल्या मांडीशी नेत होता.

मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. कापडाची चिंधी हवेत उडाली, तेव्हा त्याने खाली पाहिलं आणि डाव्या मनगटाने ब्रेक पुढे ढकलला. साखळी थांबली. मग सगळंच थांबलं. आम्हाला वारा ऐकू यायला लागला.

"लागलं का?" वहिनींनी खालून विचारलं. दोर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

त्याने कानातले बोळे कसेबसे काढले. "पॅन्ट गेली. कातडीला ओरखडा आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "पट्ट्यालाही लागलंय. निम्मा राहिलाय."

नंतर त्याने मला सांगितलं ते असं. डुप्लिकेट करवत चालू असली की तिची थरथर कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत जायची. बोटांना कळलं नाही तरी हाडांना कळायचं की ती चालू आहे, हातात आहे, कुठे टेकलीय. ही थरथरतच नव्हती. आणि वजनाला इतकी कमी की मधूनमधून त्याला खाली बघून खात्री करावी लागत होती, हात रिकामा आहे की भरलेला. ज्या थरथरीने हात खाल्ले, हातांना आता तिचाच आधार उरला होता. हे डॉक्टरला सुचलं नव्हतं, मलाही नाही. तीस वर्षं करवती उघडून बसलेल्या माणसाला सुचायला हवं होतं.

"या खाली," वहिनी म्हणाल्या. "मी सोडते दोर. कडी काढा आणि या."

त्याने कडीला हात घातला. कडीचा खटका आत दाबून फिरवायचा असतो, दोन बोटांचं काम. हातमोजा त्याने दातांनी ओढून काढला. बोटं पांढरीफटक. ती कडीवरून घसरली. पुन्हा घसरली. त्याने काखेत धरली, तोंडात घातली, फुंकर मारली, पुन्हा प्रयत्न केला. खालून आम्हाला त्याचा हात दिसत होता, कडीही दिसत होती, आणि त्या दोघांचं जमत नव्हतं.

घरमालकीण स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "किती वेळ लागेल हो? मला गॅस पेटवायचाय."

"पेटवू नका," मी म्हणालो. निम्मी कापलेली फांदी त्यांच्या डोक्यावर, वाऱ्याने करकरत होती. त्या बिचाऱ्या घाबरून बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मी जन्मात झाडावर चढलेलो नाही. तरी शिडी आणून लावली, आठ पायऱ्या चढलो आणि थांबलो. शिडी तो होता त्या उंचीच्या निम्म्यापर्यंतच पोचत होती. मी खाली उतरलो. वहिनींना दोर सोडता येत नव्हता. त्या मला म्हणाल्या, "मी चढले असते, पण मग यांना कोण धरणार?" दोर माझ्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि मला त्याचा रागही आला नाही.

शेवटी मी एकाला फोन लावला. तोही झाडं कापायचा, चाळिशीचा, बारमाही मफलर गुंडाळणारा, म्हणून मफलरवाला. खारोबाची कामं हळूहळू त्याच्याकडेच जायला लागली होती, त्यामुळे दोघांचं फारसं सख्य नव्हतं. तो दुसऱ्या कामावर होता. यायला पाऊण तास लागेल म्हणाला.

तो पाऊण तास खारोबा वर लटकून होता. एरवी झाडावर न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलत राहिला. "मिस्तरी, करवत चांगली आहे रे. करवतीत खोट नाही." मग वहिनींना म्हणाला, "हात भरून आले असतील तुझे." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या हातांचं बघू नका."

मफलरवाला आला. काही न विचारता चढला. वर पोचल्यावर त्याने खारोबाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, मग दोन बोटांनी कडी उघडली. एवढंच, एका क्षणात. वहिनींनी दोर हळूहळू सोडला आणि खारोबा पोत्यासारखा खाली आला. जमिनीला पाय टेकले तरी त्या दोर सोडेनात; मीच त्यांची बोटं एकेक करून उघडली.

वर होताच म्हणून मफलरवाल्याने उरलेलं काम पुरं केलं. त्याने आपलीच करवत वर ओढून घेतली. डुप्लिकेट. खालून मला तिची थरथर दिसत होती. तो उतरल्यावर मी त्याला म्हणालो, "गुटके बदलून घे रे हिचे. उद्या ये, मी फुकट बदलून देतो. आणि पुढच्या वेळी कंपनीची घे. यांचे हात बघितलेस ना?"

"बघितले," तो म्हणाला. क्षणभर त्याने स्वतःचे हात उलटेपालटे केले. "घरात पाच तोंडं आहेत, काका. सध्या चालतंय तसं चालू दे." तो आलाच नाही.

आता मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि समोरच्या दुकानातून डुप्लिकेट घेऊन दुरुस्तीला माझ्याकडे आणतात. मी दुरुस्त करून देतो. नाही म्हणालो तर पलीकडे आणखी एक मिस्तरी आहेच.

खारोबा पुन्हा चढला नाही. वहिनींनी एका धुलाईच्या दुकानात काम धरलं. हलकी करवत मीच परत ठेवून घेतली. गिऱ्हाईक लागेल तेव्हा त्यांना पैसे देईन असं ठरलंय, अजून लागलेलं नाही. तो दुपारी माझ्याकडे येऊन बसतो. गप्पा पूर्वीसारख्याच मारतो, फक्त हात खिशात असतात.

मागच्या महिन्यात पुन्हा डॉक्टरकडे जायचं होतं. वहिनींना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. या वेळी डॉक्टर दुसऱ्याच होत्या, एक तरुण बाई. त्यांनी खारोबाला मान दुसरीकडे वळवायला सांगितली, त्याचा पंजा टेबलावर उताणा ठेवला आणि एक बारीक टोकाची सुई घेतली. "मी टोचते. कळलं की हो म्हणा."

त्यांनी पहिल्या बोटाला टोचलं. "हो," खारोबा म्हणाला. दुसऱ्या बोटाला टोचलं. "हो." तो खिडकीकडे बघत होता, कपाळावर आठ्या, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मला बरं वाटलं. मग डॉक्टरांनी सुई उचलून हवेतच धरली. कुठेच टेकवली नाही.

"हो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सुई हवेतच होती.

"हो," तो पुन्हा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जरा घाईने, "हो, हो. कळतंय."